कपाटातले आयुष्य आणि आकाशातले आयुष्य

टेबलाच्या खणात वर्षानुवर्षे पडून राहिलेले एखादे रबरबँड शोधा आणि ताणून पाहा. बहुधा ते चटकन तुटेल, जरी ते एकदाही वापरलेले नसले तरी! आता कागदांना लावायची तारेची क्लिप घ्या आणि एकाच जागी मागेपुढे वाकवा. काही वेळा वाकवताच तिचेही दोन तुकडे होतील. पण तशीच क्लिप आजोबांच्या जुन्या फायलीत तीस वर्षे राहिली असेल, तर गंज सोडल्यास तिला काही झालेले नसते.

रबर नुसते पडून म्हातारे होते, धातू काम करून थकतो. विमानाच्या एंजिनाचे सुटे भाग सांभाळणाऱ्यांना हा फरक क्षणभरही विसरता येत नाही.

एंजिनातले तेल गळू नये म्हणून जोडांमध्ये रबराची कडी बसवतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या लांबलचक रेणूंवर हळूहळू हल्ला करीत असतात, म्हणून ही कडी बंद पाकिटात, अंधारात आणि थंड जागी ठेवतात. विजेच्या मोटारीजवळ ती ठेवत नाहीत, कारण तिथल्या ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो. रबर पक्के केल्याची तारीख पाकिटावर असते. नायट्राइल रबराला साधारणतः १५ वर्षांची मुदत देतात. हे झाले साठवणीचे आयुष्य.

आता एंजिनातली चक्ती पाहा. तिच्या कडेला पाती खोवलेली असतात. समजा, १०० ग्रॅमचे एक पाते मध्यापासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि चक्ती मिनिटाला १०,००० फेरे घेते आहे. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करा. उत्तर येते सुमारे ४४,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेचार टनांचे वजन! एवढी ओढ एका पात्याची, आणि अशी पाती डझनांनी असतात. (ही ओढ केंद्रोत्सारी म्हणावी की चक्तीचे बल केंद्राभिमुख म्हणावे, यावर वर्गात जरूर भांडा.)

उड्डाणाच्या वेळी हा ताण चढतो, उतरल्यावर एंजिन थांबले की नाहीसा होतो. क्लिप एकदा वाकवून सरळ केल्यासारखेच हे झाले. म्हणून चक्तीचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, तर उड्डाणांच्या आवर्तनांत मोजतात. नऊ तासांच्या एका प्रवासाने एकच आवर्तन होते. तासा-तासाच्या नऊ प्रवासांनी नऊ. नवी चक्ती कोठारात नीट जपून ठेवली, तर तिचे एकही आवर्तन खर्च होत नाही. उलट, ठरलेला आकडा गाठलेली चक्ती बाद करतात, मग तिच्यावर एकही चीर दिसत नसली तरी. जिच्या आवर्तनांची नोंद हरवली, ती कितीही चकाकत असो, एंजिनात बसवता येत नाही.

मग हा आकडा म्हणजे हमी आहे का? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या एंजिनाची पुढची चक्ती आकाशातच फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. उरलेल्या दोन एंजिनांचा जोर कमीजास्त करीत वैमानिकांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले, पण ते उतरताना कोसळले. २९६ जणांपैकी १८० हून अधिक वाचले. शंभरावर माणसे गेली.

त्या टायटॅनियमच्या चक्तीला १८,००० आवर्तनांची मर्यादा होती. ती फुटली १५,५०३ आवर्तनांनंतर. २,४९७ शिल्लक होती! तिचे मोठे तुकडे पुढे तीन महिन्यांनी आयोवातल्या एका मक्याच्या शेतात सापडले, तेव्हा कारण कळले. १९७१ साली धातू वितळवताना त्यात नायट्रोजनयुक्त, ठिसूळ असा एक बारीक दोष राहून गेला होता. तिथून चीर निघाली आणि दर उड्डाणाला किंचित वाढत गेली. १८,००० हा आकडा निर्दोष धातूसाठी काढलेला होता.

अपघातापूर्वी ७६० उड्डाणे आधी त्या चक्तीची तपासणी झाली होती. चिरेत शिरून चमकणारा द्रव लावून ती पाहिली होती. तेव्हाच चीर दिसण्याजोगी मोठी झाली होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. ती नजरेतून सुटली. अपघातानंतर अशा चक्त्यांच्या आतला धातू श्राव्यातीत ध्वनीने तपासण्याचा हुकूम निघाला.