सावलीची बाजू

मधुमेहाच्या रुग्णाला चिठ्ठी लिहून दिली, की तिच्या तळाशी मी गेली कित्येक वर्षे एक ओळ न चुकता लिहीत आलो आहे : ‘रोज चाळीस मिनिटे चालणे.’ ही ओळ लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. अडखळला तो २०१६ च्या एप्रिल महिन्यात. गोत्रीकडे राहणाऱ्या एका भगिनीने चिठ्ठी वाचून ती पुन्हा माझ्यापुढे सरकवली आणि अगदी साधेपणाने विचारले, “डॉक्टरसाहेब, चालू कुठे? आणि केव्हा?”

मी नेहमीचे उत्तर दिले. पहाटे लवकर उठावे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघावे, वगैरे. त्यावर त्यांनी शांतपणे आपला दिवस माझ्यापुढे मांडला. सहाला उजाडते, तेव्हा दोन डबे करायचे असतात. ते उरकून बाहेर पडावे, तर साडेआठलाच ऊन डोक्यावर येते. संध्याकाळी सूर्य मावळतो, पण रस्ता मावळत नाही. नऊ वाजेपर्यंत डांबरातून वाफ येत राहते. फुटपाथ आहे म्हणावा, तर त्यावर मोटारी उभ्या. खाली उतरावे, तर मागून भोंगा. शेवटी त्या म्हणाल्या, “मी स्कूटीवर बसून बागेत जाते, तिथे चालते आणि स्कूटीवर बसून परत येते.” त्या हसल्या, मीही हसलो. मात्र त्यांचा प्रश्न माझ्या टेबलावर तसाच पडून राहिला. चालण्यासाठी वाहनाने जावे लागते, हे वाक्य एखाद्या विनोदी एकांकिकेत शोभावे. आमच्या बडोद्यात ते रोज सकाळी सयाजीबागेच्या दारात, ओळीने लावलेल्या वाहनांच्या रूपाने उभे असते.

ही बाग महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८७९ साली शहराला दिली. ज्या राजाने बाग, वाचनालय आणि आजव्याच्या तलावाचे पाणी दिले, त्याच्या मनातले शहर पायी फिरण्याच्या आकाराचे होते. दांडिया बाजारातून निघावे, सूरसागराच्या काठाने न्यायमंदिर गाठावे, लहरीपुरा दरवाजातून आत शिरून मांडवीला पोहोचावे. आमच्या लहानपणी या फेरीला कोणी ‘व्यायाम’ म्हणत नसे. जुन्या पोळांतील गल्ल्या इतक्या अरुंद, की एका बाजूच्या घरांची सावली दुसऱ्या बाजूच्या ओटल्यापर्यंत पोहोचे. भर दुपारीसुद्धा एक बाजू चालण्याजोगी असे आणि सारे गाव त्या बाजूने चाले. त्या गल्ल्यांना आम्ही पुढे ‘गैरसोयीच्या’ म्हणू लागलो, कारण त्यांत मोटार शिरत नव्हती. वाहतुकीची सार्वजनिक सोयही बडोदे संस्थानाला परकी नव्हती. डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची रेल्वे १८६२ साली सुरू झाली, तेव्हा डबे ओढायला बैल जुंपले जात. बैलांची का होईना, पण गाडी सर्वांसाठी होती. आता ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या दारात.

शहर वाढले, हे खरेच. २००१ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत तेरा लाख माणसे होती, २०११ मध्ये ती पावणेसतरा लाखांच्या घरात गेली. ती कुठे तरी राहणारच. तक्रार वाढीची नाही, रुंदीची आहे. नव्या वसाहतींचे रस्ते मोटारींसाठी रुंद झाले आणि त्या रुंदीत सावली हरवली. ज्या गावाचे नावच वडाच्या झाडावरून पडले असे मानले जाते, त्या गावात आज वड पाहायचा तर मुद्दाम जावे लागते, तेही वाहनाने.

उन्हाच्या शरीरशास्त्राबद्दल व्यवसायबंधूंना मी काय सांगावे? तरीही ही स्मरणिका घरोघरी वाचली जाते, म्हणून थोडे लिहितो. एक लिटर घाम वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगावेगळी करतो. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाच्या, म्हणजे साधारण पस्तीस अंशांच्या वर गेले, की या वाळत्या घामाखेरीज शरीरापाशी दुसरा उपाय उरत नाही. त्रेचाळीस अंशांच्या दुपारी स्कूटरवरून जाताना तोंडावर येणारा वारा अंगाची उष्णता घेऊन जात नाही, उलट आणून देतो. शिवाय घाम कपाळावर दिसण्याआधीच वाळतो. ‘मला तर घामच आला नाही’ असे सांगत आलेला रुग्ण दीड-दोन लिटर पाणी गमावून बसलेला असतो. मोटारीत बसणाऱ्याचे दुःख निराळे. उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीच्या आतले तापमान जे काही चढायचे, त्यातले बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच चढते आणि बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंशांनी पुढे जाऊ शकते. ‘इन्शुलिन गाडीतच ठेवतो, म्हणजे विसरत नाही’ असे कौतुकाने सांगणारे रुग्ण मला भेटले आहेत. साखर उतरत का नाही, याचा शोध घेत मी तीन-तीन महिने मात्रा वाढवत राहिलो आणि औषध बिचारे डॅशबोर्डच्या कप्प्यात शिजत होते.

उष्णतेने माणसे मरतात, तेव्हा दाखल्यावर बहुधा ‘ऊन’ असे लिहिले जात नाही. हृदयविकार, मूत्रपिंड, मेंदूचा झटका, असे काहीतरी लिहिले जाते. म्हणून ही माणसे मोजायची, तर एकूण मृत्यू मोजावे लागतात. अहमदाबादेत मे २०१० मध्ये ४४६२ मृत्यू झाले. तुलनेसाठी घेतलेल्या काळाच्या मानाने ते १३४४ ने अधिक होते. त्या आकड्याने धक्का बसून तिथल्या महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिलाच मानला जातो. हे आकडे मला ठाऊक होते. सभांतून मी ते सांगितलेही होते.

आता जे सांगायचे आहे, ते सभेत सांगितलेले नाही.

माझे वडील, नाना, निवृत्त शिक्षक. दांडिया बाजारात आमचे जुने दुमजली घर होते. तिथून दर दिवसाआड ते मांडवीच्या मध्यवर्ती वाचनालयात पायी जात. १९१० साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयावर त्यांची भक्ती होती. सावलीची बाजू धरून वीस-पंचवीस मिनिटे. २००९ साली मी वासणा-भायली रस्त्यावर घर बांधले. मोकळी हवा, मोटार उभी करायला जागा, नातवंडांना स्वतंत्र खोल्या. नाना विरोधात एक शब्द बोलले नाहीत. फक्त वाचनालय आता सहा-सात किलोमीटरांवर गेले आणि तिथे जायचे म्हणजे मला, माझ्या पत्नीला किंवा ड्रायव्हरला विचारणे आले. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला काही मागितले नाही, तो सकाळी चहाच्या वेळी माझ्याकडे पाहून म्हणे, “अरे, आज तुझी गाडी त्या बाजूला जाणार आहे का?” बहुतेक वेळा ती जाणार नसे. हळूहळू त्यांनी विचारणे सोडले. मला वाटले, वय झाले.

२० मे २०१६ रोजी अहमदाबादेत ४८ अंशांची नोंद झाली. त्याच आठवड्यातली गोष्ट. पुस्तक परत करण्याची मुदत संपत आली होती आणि ड्रायव्हर गावी गेला होता. नाना कोणाला न सांगता सकाळी निघाले, सामायिक रिक्षाने शहरात पोहोचले, पुस्तक बदलून घेतले. परतीच्या रिक्षाने त्यांना मोठ्या रस्त्यावर सोडले, तेव्हा एक वाजून गेला होता. तिथून आमची सोसायटी सव्वा किलोमीटर. आत येणारी रिक्षा त्या वेळी मिळत नाही. ब्याऐंशी वर्षांचे नाना चालत निघाले. मी नंतर तो रस्ता मुद्दाम पायी मोजला. त्या सव्वा किलोमीटरात एकही झाड नाही, बसायला एकही कठडा नाही.

सोसायटीच्या फाटकापाशी ते खाली बसले. वॉचमनने ओळखले आणि मला फोन आला, “साहेब, दादा काहीतरी भलतेच बोलताहेत.” मी दवाखान्यातून निघालो. गाडी दुपारभर उन्हात उभी होती, सुकाणूला हात लावता येईना. पोहोचलो, तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता : यांना गाडीत घालावे आणि रुग्णालयात न्यावे. वॉचमनने तोवर त्यांना केबिनच्या पडछायेत आडवे केले होते, सदरा काढला होता, बागेला पाणी घालण्याची नळी त्यांच्या अंगावर धरली होती आणि त्याची बायको ओल्या गमछाने वारा घालत होती. मी म्हटले, “चल, उचल.” तो म्हणाला, “साहेब, जरा निवू द्या. तुमची गाडी भट्टी झालीय.”

पाठ्यपुस्तकात हेच लिहिले आहे. आधी थंड करा, मग हलवा. मूळ इंग्रजी चार शब्दांचे आहे आणि मी ते विद्यार्थ्यांना पाठ करायला लावत असे. ज्याने ते वाचलेले नव्हते, त्याने ते केले. ज्याला पाठ होते, तो त्या भट्टीचे दार उघडून उभा होता. दहा-बारा मिनिटांनी नानांनी मला नावाने हाक मारली. मग आम्ही त्यांना हलवले.

रुग्णालयात ताप १०३ भरला. सोडियम १२६ आणि क्रिएटिनिन जवळजवळ दुप्पट. तिथल्या तरुण डॉक्टरने अतिशय आदराने विचारले, “सर, मूत्रल गोळी कोणी लिहिली आहे?” मीच. हिवाळ्यात त्यांचा रक्तदाब चढला होता आणि पाय सुजत होते, म्हणून थायझाइड जातीची गोळी सुरू केली होती. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला, गोळी चालूच राहिली. वृद्धाची तहान मंदावते, घाम कमी होतो, त्यात ही गोळी मीठ-पाणी बाहेर काढते. परीक्षेत हा प्रश्न मी इतरांना विचारला आहे.

नाना चार दिवसांत घरी आले. पण खरी चूक माझ्या हातून पुढे झाली. मी त्यांना बाहेर पडायला बंदी केली. “नाना, तुम्ही आता एकटे फाटकाबाहेर जायचे नाही,” असे मी म्हटले आणि त्यांनी “बरे” म्हटले. वातानुकूलित खोली, दूरदर्शन, घरपोच आणलेली पुस्तके. दसऱ्यापर्यंत ते खुर्चीतून उठताना आधार शोधू लागले. दिवाळीत नातवाचे नाव दोनदा चुकले. उन्हाने चार दिवसांत जे केले नव्हते, ते सावलीने पाच महिन्यांत केले.

२०१७ च्या आरंभी आम्ही दांडिया बाजारातल्या घराचा खालचा मजला भाडेकरूंकडून मोकळा करून घेतला. शेजारी आत्या होतीच. नाना तिथे राहायला गेले. पहिले पंधरा दिवस ओटल्यावर, मग कोपऱ्यापर्यंत, पावसाळ्यानंतर सूरसागरापर्यंत. मांडवी पुन्हा कधी जमली नाही, पण गल्लीतली सावली कोणत्या वेळी कोणत्या बाजूला असते, हे ते मला फोनवर सांगत. २०१८ च्या हिवाळ्यात ते गेले. शेवटच्या दुपारीही ते ओटल्यावर बसले होते.

तेव्हापासून मी एक करतो. होळी झाली, की साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी नव्याने वाचतो. मूत्रल गोळी, घाम रोखणारी औषधे, मधुमेहाची पाणी काढणारी नवी औषधे, या सर्वांपुढे प्रश्नचिन्ह लावतो आणि गरज असेल तिथे मात्रा उतरवतो. आणखी एक विचारतो, ज्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाचा आधार नाही : “दुपारी बाहेर पडायची वेळ आलीच, तर तुमच्या घरापासून थांब्यापर्यंत सावली आहे का?” बहुतेकांना उत्तर देता येत नाही. त्यांनी तो रस्ता काचेआडूनच पाहिलेला असतो.

वॉचमन अजून आमच्या फाटकावरच आहे. दर महिन्याला रक्तदाब दाखवायला येतो, सायकलवर. बारा तासांची त्याची पाळी आणि केबिनला पत्र्याचे छप्पर. नानांना त्याने आडवे केले, ती सावली केबिनच्या बाहेरची होती, कारण आत बसवत नव्हते. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली. २०१८ च्या उन्हाळ्यात सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन विषय होते. फाटकाजवळ कडुनिंबाची सहा झाडे लावण्याच्या सूचनेवर पाऊण तास चर्चा झाली. पाने पडतील, पक्षी मोटारींवर घाण करतील, असे मुद्दे निघाले आणि विषय पुढे ढकलला गेला. मोटारींवर छत घालण्याचा ठराव दहा मिनिटांत एकमताने संमत झाला. मोटारी चाळीस होत्या. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.