भयग्रस्त समाजातील धर्मसुधारणा : कल्पित विश्व आणि भीमाकाठचा अनुभव

अद्भुतरम्य कादंबरीत जादूटोण्याला भिणारे एखादे राज्य एका प्रवर्तकाच्या उपदेशाने पिढीभरात पालटते. हे परिवर्तन वाचकास पटते काय, हा प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा नव्हे. उजनी धरणाच्या काठी आणि त्याच भीमेच्या खालच्या अंगास वसलेल्या पंढरपुरात तो तपासून पाहता येतो.

वारकरी संतांनी भक्तीचा अधिकार सर्वांस दिला. तरीही चौदाव्या शतकातील चोखामेळा मंदिराबाहेरच राहिले. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणाऱ्या १९७३ च्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब २०१४ मध्ये झाले. विचार मान्य होणे व व्यवस्था बदलणे यांत एवढे अंतर पडते. कादंबरीकार नेमके हेच अंतर गाळतो.

भीतीचे प्रकरण याहून अवघड आहे. मंदिराला दार असते, ते उघडता येते. करणीच्या संशयाला तसे दार नाही. मूल आजारी पडले, म्हैस आटली, तर ‘कोणी केले?’ या प्रश्नाला तो संशय आयते उत्तर पुरवतो. ते उत्तर काढून घेताना दवाखाना जवळ नसेल, तर उपदेश ऐकला जातो, पण अमावास्येला लिंबू उतरवलेच जाते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. अनेक वर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर प्रथम अध्यादेशाच्या रूपाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने आला. हा कायदा श्रद्धेची व्याख्या करीत बसत नाही. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचा छळ करणे यांसारख्या कृती तो गुन्हा ठरवतो. वारी, कीर्तन, भजन यांना हात लावीत नाही. काहींना ही तडजोड वाटली. वस्तुतः वारकरी जिल्ह्यात कायद्याला उभे राहण्यापुरती जागा मिळाली ती या मर्यादेमुळेच.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. गावेच्या गावे हलली, इतका सर्वंकष बदल कोणत्याही प्रवर्तकाला साधलेला नाही. तरीही विस्थापितांनी नव्या गावठाणांत घरांबरोबर देवळेही उभारली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की इंदापूरकडील पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते आणि लोक होडीने तेथवर जातात.