घरातलं भांडण, दारातली वर्दी

बाई गस्तीवर गेली तर मार खाऊन येईल आणि तिला सांभाळताना सोबतचा शिपाईही गोत्यात येईल, असं १९७०च्या आसपास अमेरिकेतले कितीतरी पोलीस अधिकारी छातीठोकपणे सांगत. पुरावा मात्र नव्हता. असणार कुठून? बायकांना गस्तीवर जवळपास पाठवतच नव्हते!

वॉशिंग्टन शहराने १९७२मध्ये पाठवून पाहिलं. नव्याने भरती झालेल्या ८६ स्त्रिया आणि तितकेच नवे पुरुष यांच्या कामाची तुलना झाली. पोलीस फाउंडेशन या संशोधन संस्थेच्या १९७४च्या अहवालानुसार जखमी होण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. स्त्रियांनी अटका कमी केल्या खऱ्या, पण पुढे त्यांना गस्तीचं कामही कमी मिळू लागलं होतं. इथेच गणिताची मेख आहे. जी रस्त्यावर कमी, तिला मारही कमीच बसणार. म्हणून हिशेब माणशी नव्हे, प्रसंगागणिक मांडावा लागतो.

तसा तो कॅरा रेब-हेम्प आणि एमी शक यांनी २००७च्या शोधनिबंधात मांडला. सहा अमेरिकी पोलीस दलांच्या १९९०च्या दशकातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. घरगुती भांडणाच्या प्रसंगी महिला पोलिसांवर हल्ला होण्याची शक्यता जास्त निघाली, आणि समोरचा नशेत असेल तर विशेषच. घरगुती तक्रार आली की महिला पोलिसालाच जास्त वेळा पाठवतात, म्हणून हे दिसलं असेल का? नाही. त्याने हल्ल्यांची संख्या वाढेल, दर प्रसंगामागची शक्यता वाढणार नाही. मला वाटतं, कारण उंबऱ्याच्या आत आहे: बायकोवर हात उचलणाऱ्याला त्याच्याच घरात दुसरी बाई हुकूम सोडते, ते सोसत नाही. पण हा तर्क; नोंदवहीत हल्लेखोराचं मन उतरत नाही.

नोंदवहीत आणखीही काही उतरत नाही. ११ ऑगस्ट २०१२ला मुंबईत आझाद मैदानावर दंगल झाली, तेव्हा बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांचा जमावाने विनयभंग केल्याच्या तक्रारी झाल्या. दगड डोक्यात बसला की शिपाई जखमींच्या यादीत जातो, मग तो पुरुष असो वा स्त्री. विनयभंगाला टाके पडत नाहीत. केवळ जखमा मोजणाऱ्या अभ्यासात ती महिला शिपाई त्या दिवशी सुखरूप परतली, असंच दिसेल.