पब, तावेर्न आणि परमिट रूम

1 एप्रिल 2017 या एकाच दिवशी देशातील मद्यविक्रीत दोन बदल झाले. छत्तीसगडमध्ये किरकोळ विक्री खासगी ठेकेदारांकडून राज्य सरकारच्या महामंडळाकडे आली आणि रायपूरलगतच्या उरला औद्योगिक वसाहतीतील कामगारासाठीही दारूचे दुकान सरकारी झाले. त्याच दिवसापासून महामार्गांलगतची मद्यविक्री बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश देशभर अमलात आला. गोव्यात त्याचा फटका सुमारे तीन हजार परवानाधारकांना बसला. त्यांत रस्त्याकाठच्या जुन्या तावेर्नीही होत्या.

तावेर्न हा पोर्तुगीजांनी दिलेला शब्द. घराची पुढची खोली, दोन-चार बाके, फळीवर बाटल्या आणि मागच्या बाजूला मालकाचा संसार, असे तिचे साधे रूप. काजूच्या हंगामात तेथे ताजा हुर्राक मिळतो, तर एरवी फेणी. पहिल्या ऊर्ध्वपातनातून निघतो तो हुर्राक. पुढच्या ऊर्ध्वपातनानंतर तयार होते ती फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र गिऱ्हाईक केवळ पेल्यासाठी येत नाही. मासळीचा भाव, पंचायतीचे राजकारण, फुटबॉलचा निकाल, कोणाचा मुलगा जहाजावर गेला, या साऱ्यांची चर्चा तेथेच होते.

सातासमुद्रापलीकडे आयर्लंडमधील खेड्यातला पब याच कुळातला. अनेक ठिकाणी एकाच छपराखाली किराणा, लोखंडी सामान आणि मद्य विकले जाई. अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाराही बहुधा पबचाच मालक असे. दारावर कुटुंबाचे आडनाव, आत लाकडी आडोसा घातलेली छोटी खोली, वर उतारूंसाठी चार खोल्या. क्लेअर परगण्यातील डूलिन या समुद्रकाठच्या खेड्यात 1832 पासून चालत आलेला ओ’कॉनर कुटुंबाच्या नावाचा पब आहे. त्याचे नाव परदेशी पाहुण्यांपर्यंत पोहोचले ते तेथे वाजणाऱ्या पारंपरिक संगीतामुळे. ‘एक लाख वेळा स्वागत’ अशा अर्थाचे आयरिश वचन या देशात पाहुण्याला जागोजागी दिसते.

या आपुलकीचा व्यापार 1990 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. डब्लिनची आयरिश पब कंपनी आणि गिनेस ही बिअर कंपनी यांनी पबचे ठरावीक नमुने तयार केले: व्हिक्टोरियन डब्लिन, खेड्यातील दुकान, शेतकऱ्याची झोपडी, मद्यभट्टी वगैरे. ग्राहकाने नमुना निवडायचा. लाकूडकाम आयर्लंडमध्ये तयार होऊन कंटेनरमधून जगात कोठेही जाते. मुंबईतही ‘द आयरिश हाउस’ नावाची साखळी आहे. अशा ठिकाणी सजावट पाहुण्याला सुखावते, पण दहा वर्षे त्याच बाकावर बसणारा शेजारी कंटेनरमधून येत नाही.

गंमत अशी की, नमुना जगभर पसरत असताना मूळ पब मात्र घटत गेले. 2005 पासून आयर्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक पब बंद पडले. कारणे अनेक आहेत. तेथे नवा परवाना हवा असेल तर जुना रद्द करून घ्यावा लागतो. 2000 च्या कायद्याने परवाने एका भागातून दुसऱ्या भागात नेणे सोपे झाले आणि खेड्यांतील परवाने शहरांतील सुपरमार्केटपर्यंत पोहोचले. वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा 2011 मध्ये शंभर मिलिलिटरला 80 वरून 50 मिलिग्रॅमवर आली. शेतातून एकट्याने गाडी हाकत येणारा म्हातारा त्यामुळे घरीच बसला. केरी परगण्याच्या परिषदेने 2013 मध्ये चक्क असा ठराव संमत केला की, दुर्गम भागातील लोकांना दोन-तीन पेल्यांनंतर वाहन चालवण्याचा खास परवाना मिळावा. सरकारने तो मानला नाही, हे योग्यच झाले.

भारतातील आदेशामागेही मद्यपी चालकांमुळे होणारे अपघाती मृत्यू हेच कारण होते. आपल्याकडील मर्यादा तर 30 मिलिग्रॅम, म्हणजे आयर्लंडपेक्षा कडक. परंतु आयर्लंडने हात चालकावर ठेवला. येथे दुकान 500 मीटर दूर नेण्यात आले, वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांत 220 मीटर. गोव्याची अनेक गावे रस्त्याच्या कडेनेच वसलेली आहेत. एकीकडे शेत किंवा खाडी, दुसरीकडे डोंगर. तेथे तावेर्न 220 मीटर सरकवायची म्हणजे ती घरापासूनच तोडायची. चालत येणाऱ्या शेजाऱ्याचा आणि महामार्गावरून भरधाव जाणाऱ्या चालकाचा विचार एकाच फुटपट्टीने झाला.

महाराष्ट्रातील वाचकाला हा फरक सहज जाणवत नाही, कारण आपल्याकडे अशा जागेला बिनदोषाचे नावच नाही. गुत्ता, अड्डा, नाहीतर 1949 च्या दारूबंदी कायद्यातून आलेली परमिट रूम. नावातच आधी परवानगी विचारली जाते. पोर्तुगीज अमलामुळे 1961 पर्यंत गोवा या साऱ्यापासून दूर राहिला. दारूने मोडलेले संसार गोव्यातही आहेत आणि आयर्लंडमध्येही. तावेर्नीची बाजू घेताना ते विसरता येणार नाही.

जुलै 2017 मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना आदेशातून वगळले. फेब्रुवारी 2018 मध्ये पंचायत क्षेत्रांचा निर्णय राज्यांवर सोपवला. त्यामुळे गोव्याच्या गावांतील तावेर्नींचे भवितव्य पुन्हा राज्य सरकारच्या हाती आले.