सीमेवरच्या नफ्याचा हिशेब

कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांमधली सीमा पुणे-बंगळूर महामार्गावर काही मिनिटांत ओलांडली जाते. कागल मागे पडते, दूधगंगेचा पूल लागतो, कोगनोळीचा टोलनाका येतो आणि पाट्यांची लिपी बदलते. शेतातला ऊस मात्र तोच राहतो, आणि चहाच्या टपरीवरचे बोलणेही. पश्चिमेला चंदगडच्या काजूपासून पूर्वेला शिरोळच्या मळीच्या जमिनीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्याचे राजकारण मराठी वाचकाला पाठ आहे. महाजन अहवाल, 2004 पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा आणि दर नोव्हेंबरचा काळा दिन यांवर भरपूर लिहून झाले आहे. ही रेषा ज्यांच्या दारातून जाते त्यांचे पोट तिच्यावर कसे चालते, याची चर्चा त्या मानाने कमी होते. डिसेंबर 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलांसाठी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, तेव्हा तो विषय आपसूक पुढे आला.

सीमाभागाला मिळणारे फायदे तीन प्रकारचे असतात. पहिला फरकाचा, दुसरा तुलनेचा आणि तिसरा सलगतेचा. पहिल्याची चर्चा सर्वांत जास्त होते, पण तोच सर्वांत कमी टिकतो.

फरकाचा फायदा डोळ्यांना लगेच दिसतो. कर्नाटकात डिझेलवरचा कर कमी होता, त्या काळात निपाणीच्या बाजूच्या पंपांवर महाराष्ट्रापेक्षा दर किती कमी आहे हे सांगणारे फलक मराठीत लागत. मालमोटारी टाकी रिकामी ठेवून सीमा गाठत आणि अलीकडचे पंपचालक कपाळाला हात लावत. पुढे जून 2024 मध्ये कर्नाटकाने पेट्रोल-डिझेलचे दर लिटरमागे सुमारे तीन रुपयांनी वाढवले. 1 एप्रिल 2025 पासून डिझेलवरचा विक्रीकर 18.44 वरून 21.17 टक्के झाला आणि त्या फलकांतला दम बराच गेला. जकात आणि विक्रीकराच्या फरकावर चालणारा आडवाटेचा व्यापार त्याआधीच, जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर, आटला होता. एका राज्याच्या अर्थसंकल्पातल्या एका ओळीने जन्मलेला धंदा दुसऱ्या ओळीने मरतो, हा या प्रकारचा स्वभावच आहे.

उसाचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. रास्त आणि किफायतशीर दर केंद्र ठरवते, त्यामुळे कायद्याने दोन्हीकडे पाया एकच. फरक पडतो तो साखर उताऱ्यात, तोडणी-वाहतुकीच्या कपातीत, पैसे किती दिवसांत हातात पडतात यात, आणि धुराडी आधी कोणाकडे पेटतात यात. शिरोळ किंवा कागलच्या शेतकऱ्याला टोळी मिळेना आणि उसाला तुरे फुटू लागले, की तो पलीकडच्या कारखान्याची चिठ्ठी घेतो. निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी त्याच कारणासाठी अलीकडे पाहतो. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस पाठवण्यावर बंदी घातली तेव्हा हे उघड झाले. पाऊस कमी, ऊस कमी आणि कारखान्यांना गाळपाची चिंता, असे ते निमित्त होते. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्यासह शेतकरी संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला. कारखान्याला सीमा हवी होती, शेतकऱ्याला नको होती.

इथून दुसरा फायदा सुरू होतो. पलीकडच्या कारखान्याला एक टनही ऊस न घालता केवळ तिथला दर माहीत असणे, हेच मोठे भांडवल आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला शेतकऱ्यांनी टनाला 3,500 रुपयांसाठी ठिय्या दिला आणि कर्नाटक सरकारला 3,300 रुपयांवर तोडगा काढावा लागला. कोल्हापूरकडचे आकडे त्यांच्यापासून फार लांब नव्हते. दुधाचेही तसेच. कर्नाटक सरकार सहकारी संघांना दूध घालणाऱ्यांना लिटरमागे 5 रुपये प्रोत्साहन अनेक वर्षे देत आले आहे. महाराष्ट्राने 2024 मध्ये गायीच्या दुधाला अनुदान दिले, तेव्हा सीमेवरच्या गोठ्यांत ‘तिकडे तर कधीचेच मिळते’ हा शेरा ठरलेला होता. अगदी योजनांचीही तुलना होते. पलीकडे गृहलक्ष्मीचे 2,000, अलीकडे लाडक्या बहिणीचे 1,500. राज्याच्या मध्यावर राहणाऱ्या माणसाला सरकार एकच असते. सीमेवरच्या माणसाला दोन दिसतात आणि त्यामुळे त्याला प्रश्न विचारता येतो.

तुलनेच्या या हत्याराचा सर्वांत मोठा वापर निपाणीत झाला, पण तिथे तुलना दोन राज्यांतली नव्हती. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव आणि व्यापाऱ्याची पेढी यांच्यातली होती. विडीच्या तंबाखूची ही पेठ. भाव पेढीवर ठरत आणि पैसे व्यापाऱ्याच्या सवडीने मिळत. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्गावरच मुक्काम ठोकला. 6 एप्रिलच्या पोलीस गोळीबारात 12 शेतकरी मारले गेले. आंदोलन कर्नाटकात घडले, नेता महाराष्ट्राचा होता आणि अडवलेला रस्ता दोन्ही राज्यांची नस होता. पुढे पाणी आले तसा तंबाखूच्या रानात ऊस शिरला. हे पाणीही सामायिकच, कारण दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण हा दोन राज्यांचा आंतरराज्य प्रकल्प आहे.

तिसरा फायदा, सलगतेचा, रेषेच्या आधीचा आहे. 1939 मध्ये स्थापन झालेल्या उगार शुगर वर्क्सचा कारखाना बेळगाव जिल्ह्यातल्या उगार खुर्दला आहे आणि नोंदणीकृत कार्यालय सांगलीत. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी 1890 च्या दशकात मिरजेत रुग्णसेवा सुरू केली. आज मिरजेतल्या दवाखान्यांच्या बाकांवर कानडी बोलणारे नातेवाईक डबा उघडून बसलेले दिसतात आणि चंदगड-आजऱ्याचा रुग्ण तितक्याच सहजतेने बेळगाव गाठतो. कोल्हापूरच्या कांदा-लसूण चटणीला हवी असते ती संकेश्वरी मिरची, आणि संकेश्वर कर्नाटकात. ही देवघेव कोणत्याही करसवलतीने निर्माण केलेली नाही, म्हणूनच एखाद्या सरकारी परिपत्रकाने ती मोडत नाही.

सलगतेचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे कोल्हापुरी चप्पल. नावात कोल्हापूर असले तरी 2019 मध्ये गाजलेले तिचे भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचे आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, विजयपूर, धारवाड. प्रकारांची नावेही याच पट्ट्याची आहेत. कापशी हे कागल तालुक्यातल्या गावावरून, कुरुंदवाडी हे शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडवरून. अथणी आणि निपाणीकडचे कारागीर कोल्हापूरच्या दुकानांना पिढ्यान्‌पिढ्या माल पुरवत आले आहेत.

चप्पल हातात घेऊन उलटी करून पाहिली तर तिचे अर्थशास्त्र समजते. तळात एकही खिळा नसतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावले जाते, आणि त्यात आठवडे जातात. तळाला म्हशीचे जाड कातडे लागते. रापीने ते कापायचे, आरीने भोक पाडायचे आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. दोन्ही बाजूंचे कान, अंगठा आणि मधली वेणी हे बारीक काम बऱ्याच घरांत बायका करतात. कातडे एका गावचे, तळ दुसऱ्या गावचा, वेणी तिसऱ्या घरातली आणि गिऱ्हाईक कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतले. या साखळीत राज्याची सीमा कुठे येते, हे सांगता येणार नाही.

सीमा येते ती कायद्यात. गोवंश हत्याबंदी महाराष्ट्रात 2015 मध्ये कडक झाली, कर्नाटकात 2021 मध्ये. महाराष्ट्रात म्हैस या बंदीबाहेर असली आणि कर्नाटकात तेरा वर्षांवरची म्हैस वगळली असली, तरी कातड्याची गाडी रस्त्यात अडवणारा कायद्याची कलमे वाचत बसत नाही. कच्चा माल महागला आणि बरीच नवी पिढी रापी खाली ठेवून औद्योगिक वसाहतीची वाट धरती झाली.

अशा वेळी जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत ओळखीची चप्पल दिसली. सुरुवातीला उगमाचा उल्लेखही नव्हता. गदारोळ झाला, कंपनीने उगम मान्य केला आणि वर्षअखेरीस करार आला. 2,000 जोड, किंमत जोडीला सुमारे 800 युरो, म्हणजे 80 हजार रुपयांच्या पुढे. याचे कौतुक करताना भागाकारही करून पाहायला हवा. आठ जिल्ह्यांत वाटले तर वाट्याला येतात 250 जोड. या ऑर्डरने चर्मकार वस्त्यांची गरिबी हटणार नाही. खरी बातमी सह्यांच्या ओळीत आहे. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम महामंडळ एका कागदावर आले. नदीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन सरकारांना एका चपलेने शेजारी बसवले.

कारण एरवी या सलगतेची किंमत कोणीतरी मोजतच असतो. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका वाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या एसटी सीमेवरच थांबल्या. बाजाराला निघालेला भाजीवाला, मिरजेला निघालेला रुग्ण आणि परीक्षेला निघालेली मुलगी यांचा दिवस वाया गेला. आलमट्टी धरणाची उंची 524 मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा निर्णय शिरोळ-सांगलीला 2019 च्या पुराची आठवण देतो. वीजदराला कंटाळलेले कोल्हापूरचे उद्योजक ‘कर्नाटकात जाऊ’ असा इशारा अधूनमधून देतात आणि मुंबई तो तेवढ्यापुरता ऐकते.

म्हणून सीमाभागासाठी करसवलतींच्या घोषणा करण्यापेक्षा, जे मुळातच जोडलेले आहे त्याची देखभाल करणे स्वस्त पडते. कातड्याच्या वाहतुकीसाठी दोन्हीकडे चालणारा एकच परवाना, आंदोलनातही न थांबणारी रुग्णांची आणि विद्यार्थ्यांची बस, उसाच्या वजनकाट्याची दोन्ही राज्यांनी मिळून तपासणी आणि धरणातल्या विसर्गाची वेळेवर खबर, एवढी ती यादी आहे. डिझेलचा फरक पुन्हा कधी वाढेल, कधी मिटेल. वादीने शिवलेला तळ मात्र दोन्ही बाजूंनी ओढला तरच घट्ट बसतो.