केळं आवडतं, केळं ‘श्मेक्ट’!

मुलांनो, वसईची सुकेळी खाल्लीत ना? राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची, की झाली मधासारखी गोड सुकेळी तयार. एक तोंडात टाका आणि मग माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. ‘मला केळं आवडतं’ या वाक्यात कर्ता कोण?

‘मी’ म्हणालात? मग आता फणीभर केळी आणा बरं. ‘मला केळी आवडतात.’ बघा, खाणारे तुम्ही एकटेच, तरी ‘आवडतं’चं ‘आवडतात’ झालं! क्रियापद तुमच्याकडे बघतच नाही, ते केळ्यांच्या मागे धावतं. कर्ता आहे केळं. तुम्ही नुसते ‘मला’.

आता थेट जर्मनीत जाऊ. तिथली मुलगी केळं खाऊन म्हणेल, ‘मीर श्मेक्ट दी बनाने’. ‘मीर’ म्हणजे मला. केळी जास्त असली तर? ‘मीर श्मेकन दी बनानेन’. श्मेक्टचं झालं श्मेकन! म्हणजे तिथेही क्रियापद केळ्यांच्याच मागे. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा टाळीच वाजवावीशी वाटली.

‘श्मेक्ट’ मात्र फक्त जिभेसाठी. वसईचा किल्ला काही चाखता येत नाही! तो आवडला तर ‘मीर गेफेल्ट दी फेस्टुंग’ म्हणायचं. फेस्टुंग म्हणजे किल्ला. आणि एखादं काम करायला आवडत असेल तर? तेव्हा ‘गेर्न’ हा शब्द येतो. ‘इश श्विमे गेर्न’, म्हणजे मी आवडीने पोहते. आपला ‘आवडीने’ अगदी तिथेच बसतो की नाही? त्याहून जास्त आवडीने असेल तर ‘लीबर’, आणि सगळ्यांत जास्त आवडीने असेल तर ‘आम लीब्स्टन’.

इंग्रजीतल्या ‘आय लाइक’मध्ये मात्र ‘मी’च कर्ता. पण हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजीसुद्धा आपल्यासारखंच ‘मला’ वापरायची! आणि संस्कृत? ‘बालकाय मोदकः रोचते’, म्हणजे मुलाला मोदक रुचतो. ज्याला रुचतं त्याची चतुर्थी, हा नियम पाणिनीने अष्टाध्यायीत लिहून ठेवला आहे. आपलं ‘रुचतं’ या ‘रोचते’चंच नातलग.

संस्कृत, मराठी, जर्मन, इंग्रजी या सगळ्या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. कन्नड त्या कुळातली नाही, तरी तीही ‘ननगे इष्ट’ म्हणते, म्हणजे ‘मला आवडतं’. त्यामुळे वाक्याची ठेवण सारखी दिसली म्हणून लगेच नातं जोडायचं नाही हं! नातं शब्दांच्या मुळांत शोधायचं. ‘लीबर’ ज्या ‘लीब’पासून झाला, तो ‘लीब’ आणि आपला ‘लोभ’ एकाच मुळातून आलेले आहेत. जर्मन माणूस पत्राची सुरुवात ‘लीबे’ किंवा ‘लीबर’ने करतो, म्हणजे ‘प्रिय’. आणि आपण पत्राचा शेवट करतो लोभाने!

आता तुमचं काम. घरी वसईकडची सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलत असतील, तर ‘मला केळी आवडतात’ हे आजीला तिच्या बोलीत म्हणायला सांगा. तिचं क्रियापद कोणाच्या मागे धावतं ते नीट ऐका आणि आम्हाला पत्राने कळवा.

लोभ असावा.