बिल ऑफ एंट्री एआय भरणार, मग पनवेलच्या पोरापोरींनी पहिली नोकरी कुठे शोधायची?

पनवेल स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की नवीन पनवेल सुरू होतं. सिडकोने सेक्टर पाडून वसवलेलं, रिक्षा आणि क्लासच्या बोर्डांनी भरलेलं. एमएस-सीआयटी, टॅली विथ जीएसटी, मराठी टायपिंग ३०, इंग्रजी टायपिंग ४०. बारावीच्या सुट्टीत यातला एकतरी क्लास लावायचा, हा आमच्याकडे जवळजवळ संस्कारच. मीही लावला होता. घरच्यांचा हिशोब सरळ असतो, कॉम्प्युटर आला की बसून करायची नोकरी मिळते.

आणि हा हिशोब चुकीचा नव्हता. एका बाजूला बेलापूर, वाशी, महापे, ऐरोलीची ऑफिसं. दुसऱ्या बाजूला उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा बंदर, म्हणजे आपलं जेएनपीटी. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ या एका वर्षात वीस फुटी कंटेनरच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. प्रत्येक शिपमेंटमागे कागद असतात. ते कागद कुणीतरी टाइप करतं. पनवेल, कळंबोली, उरण भागातल्या कित्येक बी.कॉम. झालेल्यांचा पहिला पगार या टायपिंगमधूनच आलाय. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडायला लागली आहेत. तिथे कार्गो आहे, म्हणजे तिथेही कागद आलेच.

तर मुद्दा असा, की हे टायपिंग आता एआय करू शकतं.

यावर तुम्ही दोन प्रकारचे रील पाहिले असतील. एकात सांगतात एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, दुसऱ्यात सांगतात ही पाच टूल्स शिका आणि महिन्याला लाख कमवा. दोन्हीत एक प्रश्न राहून जातो. त्या प्रश्नासाठी आधी हे काम नेमकं काय असतं ते बघायला लागेल.

बदामाच्या कंटेनरची गोष्ट

समजा, वाशीच्या एपीएमसीतल्या एका व्यापाऱ्याने अमेरिकेतून बदाम मागवले. माल बंदरात उतरला म्हणजे हातात आला असं नसतं. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम ४६ प्रमाणे ‘बिल ऑफ एंट्री’ भरावं लागतं. काय माल आहे, किती आहे, किमतीला किती पडला, कुठून आला, त्यावर ड्युटी किती, हे सगळं त्यात येतं. हे काम व्यापाऱ्याच्या वतीने कस्टम्स ब्रोकर करतो. बोलताना त्याला अजून सगळे जुन्या नावाने सीएचएच म्हणतात.

सीएचएच्या ऑफिसात नवीन लागलेला मुलगा किंवा मुलगी काय करते? ईमेलवर आलेलं इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग उघडते आणि त्यातली माहिती एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये भरते. इनव्हॉइस नंबर, चलन, वजन, नगांची संख्या, कंटेनर नंबर. मग ‘चेकलिस्ट’ काढायची, सीनियरला दाखवायची, पार्टीला पाठवायची, ओके आलं की आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर टाकायची.

कागद वाचणारी सॉफ्टवेअर आधीही होती. पण प्रत्येक कंपनीच्या इनव्हॉइसचा साचा वेगळा, आणि साचा बदलला की ती सॉफ्टवेअर गडबडायची. आताच्या एआयला साचा लागत नाही. एकाने ‘नेट वेट’ लिहिलं, दुसऱ्याने ‘एन. डब्ल्यू.’ लिहिलं, स्कॅन थोडा तिरका आला, तरी त्याला अंदाज येतो. अर्ध्या तासाची चेकलिस्ट दोन-चार मिनिटांत समोर येते.

म्हणजे नोकरी गेली का? अख्खी नाही. नोकरी म्हणजे पाच-सात कामांची मोळी असते आणि एआय त्यातल्या काही काड्या काढून घेतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये असाच, कामाकामाचा हिशोब मांडला होता. कारकुनी कामांपैकी २४ टक्के कामांवर एआयचा परिणाम मोठा आणि आणखी ५८ टक्क्यांवर मध्यम, असं त्यात निघालं. बाकी कुठल्याही गटात हे प्रमाण इतकं नव्हतं. याच संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या एकूण रोजगारापैकी ३.३ टक्के सर्वाधिक परिणामाच्या गटात आहेत. पुरुषांत २.४ टक्के, बायकांमध्ये ४.७ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. कारण टेबलावरची कारकुनी कामं बायका जास्त करतात. घरापासून रिक्षाच्या अंतरावरचं ऑफिस, संध्याकाळी सातच्या आत घरी, अशा अटींवर ज्या मुलींना नोकरीची परवानगी मिळते, त्यांच्यासाठी हा आकडा फक्त आकडा नाही.

ताळा कोण करणार?

लहानपणी भागाकार झाला की बाई म्हणायच्या, ताळा करून बघ. कंटेनर नंबरमध्ये तो ताळा आधीपासूनच घातलेला असतो. चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने काढलेला. टाइप करताना एक आकडा चुकला तर बहुतेक वेळा तिथेच कळतं. यासाठी एआय लागत नाही, साधं सॉफ्टवेअरही पकडतं.

आता आपल्या बदामांकडे या. कस्टम्सच्या यादीत प्रत्येक मालाला आठ आकडी कोड असतो. कवचासकट बदाम ०८०२११००, सोललेले बदाम ०८०२१२००. फरक एका आकड्याचा, पण ड्युटीचा दर वेगळा. इनव्हॉइसवर नुसतंच ‘कॅलिफोर्निया आमंड्स’ असं लिहिलेलं असेल तर एआय थांबून विचारेलच असं नाही. ते दोन्हीतला एक कोड निवडेल आणि अगदी आत्मविश्वासाने भरून मोकळं होईल. दोन्ही कोड खरे आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरही काही बोलणार नाही. चूक नंतर निघाली की फरकाची ड्युटी, व्याज, दंड, आणि माल अडकला तर कंटेनरचं रोजचं भाडं.

ही चूक कोण पकडतं? ज्याने अशी शे-दोनशे इनव्हॉइसं हाताने भरली आहेत तो. वजन आणि पोत्यांची संख्या बघून त्याला काहीतरी खटकतं. तो फोन उचलतो आणि विचारतो, “शेठ, माल सोललेला आहे की कवचासकट?”

आणि माझ्या मते खरा पेच इथेच आहे. ही नजर त्याला कुठल्या क्लासमध्ये मिळाली नाही. दोन वर्षं कंटाळवाणं टायपिंग करता करता, सीनियरच्या शिव्या खाता खाता ती तयार झाली. टायपिंग मशीनने घेतलं, तर तपासणारा पुढचा माणूस तयार कुठे होणार?

माझ्या धंद्यातही हेच झालंय. मी इंटर्न असताना मुलाखती ऐकून उतरवून काढणं हे माझं काम होतं. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार तास लागायचे. आता मशीन मिनिटांत लिहून देतं. मध्ये एकदा ‘करंजाडेतला पाण्याचा प्रश्न’ या वाक्याचं त्याने ‘करंज्यातला पाण्याचा प्रश्न’ करून दिलं. मला हसू आलं, कारण करंजाडे हे गाव मला माहीत आहे. पण आमच्याकडे आता उतरवून काढायला इंटर्नच घेत नाहीत. लोक कसे बोलतात, कुठे अडखळतात, कुठला प्रश्न टाळतात, हे मी त्या चार तासांत शिकले होते. तेव्हा मात्र ते काम मला शिक्षाच वाटायचं.

जगात काय दिसतंय?

इथे थोडा गोंधळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या. ज्या कामांवर एआयचा परिणाम सर्वाधिक आहे, त्यांत २२ ते २५ वयोगटातल्यांचा रोजगार २०२२ च्या अखेरीपासून तुलनेने १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याच कामांतल्या अनुभवी लोकांचं तसं झालं नव्हतं. पण डेन्मार्कमध्ये २५ हजार कामगारांच्या नोंदी पाहिल्या तर पगारावर किंवा कामाच्या तासांवर एआयचा म्हणावा असा परिणाम दिसलाच नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. २०२३ मध्ये कस्टमर सपोर्टच्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. एआयच्या मदतीने सगळ्यांचं काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं, पण नवख्यांचं ३४ टक्क्यांनी. म्हणजे सगळ्यात जास्त फायदा नवख्यालाच. मग नवख्याचीच भरती का कमी होतेय?

मला वाटतं, टूल नवख्याला हुशार करतं हे खरं, पण वाचलेल्या वेळाचं काय करायचं हे टूल ठरवत नाही, मालक ठरवतो. तीन ज्युनियरचं काम एक जण करतोय म्हटल्यावर उरलेल्या दोघांना कोड आणि ड्युटी शिकवायची, की दोघांना घ्यायचंच नाही? दुसरा पर्याय या महिन्याच्या हिशोबात स्वस्त दिसतो.

टीसीएसचं उदाहरण लोक नेहमी देतात, म्हणून तेही पाहू. जुलै २०२५ मध्ये कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. पण तिथे कुऱ्हाड मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होती आणि कंपनीचं म्हणणं होतं की कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत हे आहे. त्यामुळे प्रत्येक कपातीवर ‘एआयने खाल्लं’ असा शिक्का मारू नका. उलटंही घडतं. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये आमचा चॅटबॉट ७०० जणांचं काम करतो असं अभिमानाने सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी दर्जा घसरल्याचं मान्य करून ते पुन्हा माणसं शोधायला लागले.

मग क्लास कुठला लावायचा?

एमएस-सीआयटी २००१ साली आलं. माऊस धरण्यापासून वर्ड, एक्सेल, इंटरनेटपर्यंत सगळं त्याने एक कोटीहून जास्त लोकांना शिकवलं आणि सरकारी नोकरीसाठी ते आजही लागतं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तेव्हा डिजिटल कौशल्य म्हणजे मशीनकडून काम करून घेणं होतं. आता त्यात मशीनने केलेल्या कामाचा ताळा करणं आलंय.

याचा सराव घरी होतो. कुठलंही जुनं बिल घ्या, एआयला त्याचा तक्ता करायला सांगा आणि मग बेरीज, तारीख, जीएसटी क्रमांक मूळ कागदाशी ओळीओळीने लावून बघा. कुठे चुकतंय याची वही ठेवा. आठवड्याभरात तुम्हाला त्याच्या चुकांच्या सवयी कळायला लागतील. फक्त ऑफिसमधलं पार्टीचं इनव्हॉइस किंवा कुणाचं आधार, पॅन फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. त्या कागदावर दुसऱ्याच्या धंद्याचे भाव असतात, त्यावरून नोकरी जाऊ शकते.

केंद्र सरकारचा ‘युवा एआय फॉर ऑल’ हा मोफत कोर्स आहे, साडेचार तासांचा. ओळख म्हणून करा. त्यावर नोकरी मिळेल या भरवशावर राहू नका. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना मला जास्त कामाची वाटते, कारण तिथे निदान ऑफिसात बसायला मिळतं. २०२४ ला ती आली तेव्हा बारावीला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार असं विद्यावेतन ठरलं होतं. आता तिथे झेरॉक्स काढायला लावतात की काम शिकवतात, हे नशिबावर आहे.

आणि कुठेही इंटरव्ह्यूला गेलात तर पगाराबरोबर आणखी एक विचारा, “सर, मी केलेली चेकलिस्ट कोण तपासणार?” नाव सांगितलं तर तिथे शिकायला मिळेल. ‘सॉफ्टवेअर तपासतं’ असं उत्तर आलं तर जरा विचार करा.

कारण चुकीची जबाबदारी सॉफ्टवेअर घेत नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा काहीसा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली.

आपल्या कस्टम्समध्ये तर हे नियमातच आहे. सीएचएच्या ऑफिसात बारावी पास मुलाला ठेवता येतं, पण कागदांवर सही करायची तर त्याला कस्टम्सची परीक्षा देऊन ‘जी कार्ड’ मिळवावं लागतं. ही परीक्षा एआयला देता येत नाही. त्यात मालाचं वर्गीकरण येतं, किंमत कशी ठरवतात ते येतं, कायदा येतो. दोन वर्षं चेकलिस्ट भरलेल्या मुलाला यातलं बरंच काही पुस्तक उघडायच्या आधीच माहीत असायचं. आता जो नवीन लागेल त्याला मशीनने भरलेली चेकलिस्ट समोर ठेवून, प्रत्येक कोडला ‘हाच का?’ असं विचारत तेच सगळं शिकावं लागेल. त्याच्या शेजारी सीनियर बसलेला असेल, तर.